घरबसल्या पास

दुपारी बाळाचा डोळा लागला की सून कामगारांच्या संगणक-परीक्षेला बसायची. रोज दुसऱ्याच्याच नावाने. परवा नवऱ्याच्या, तो बेकरीत भट्टीवर कामाला. काल दिराच्या, तो छापखान्यात. आज सासूबाईंची पाळी. त्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुवायच्या. पदवीधर सुनेने बाळाला थोपटत मोबाईलवर वीसपैकी वीस मिळवले.

अख्ख्या आळीत हेच चाले. घरात एखादी शिकलेली सून किंवा लेक असली की बाकीच्यांना शिकायचं कारणच उरत नसे. "तुला येतं ना? मग झालं तर!" यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सुनेलाही वाटलं नव्हतं. उलट मान मिळत होता.

संध्याकाळी मात्र धुलाईघराचा मुकादम स्वतः सर्टिफिकेट घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस एरवी नमस्कारालाही मान हलवत नसे.

"मावशी, नशीब काढलंत! सोमवारपासून नवं मशीन तुमच्या हाती."

"शिकवणार कोण?" सुनेने विचारलं.

"पास झालेल्यांना काय शिकवायचं?" तो तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसला. याला सगळं ठाऊक आहे, हे तिने तिथेच ओळखलं.

तो गेल्यावर सासूबाई खाली बसल्या. "जुन्या मशीनला दांडा होता गं. याला नुसती काच. आत उकळतं पाणी, वाफ. मागच्या महिन्यात एकीचा हात कोपरापर्यंत भाजला, ती पण पासच होती म्हणे."

"आई, कुठे बोलू नकोस," नवरा म्हणाला. "तुझं काम जाईल आणि माझंही बिंग फुटेल."

दोन दिवसांनी एक सरकारी बाई आली. येत्या तीन वर्षांत कुठल्या धंद्यातले किती कामगार मोबाईल-संगणकाचं जुजबी काम शिकतील, याचा अंदाज बांधायला ती घरोघरी फिरत होती. सुनेला तिचाही संशय आला. मुकादमाने तर धाडली नसेल? पाणी देताना तिने बाईच्या मांडीवरच्या तक्त्यात हळूच डोकावलं. आळीपुढे लिहिलं होतं: नव्वद टक्के शिकलेले, वर्गाची गरज नाही.

"वर्ग? कसला वर्ग?"

"मोफत शिकवणीचा. इथे सुरू करणार होतो; पण तुमची माणसं भलतीच हुशार! या वेगाने पुढच्या वर्षी शंभर टक्के. म्हणून दुसऱ्या वस्तीत नेतोय."

आतल्या दारातून नवरा 'गप्प बस' म्हणून खुणावत होता.

"बाई, या घरातले तिघं पास आहेत," ती म्हणाली, "पण परीक्षा मी एकटीने दिलीय."

नवरा धावत बाहेर आला. "मनावर घेऊ नका हो, बाळाच्या जागरणांनी हिचं डोकं फिरलंय."

बाईने पेन खाली ठेवलं. "हे लेखी द्याल? तिघांचीही सर्टिफिकेटं रद्द होतील."

सून घुटमळली. भिंतीला टेकलेल्या सासूबाईच बोलल्या. "दे लिहून. वीसपैकी वीस म्हणे! त्यातला एक तरी प्रश्न कुणी मला वाचून दाखवला का?"

हा प्रश्न नवऱ्याला नव्हता, मुकादमालाही नव्हता. सुनेने मान खाली घातली आणि लिहून दिलं.

शनिवारी मुकादमाने सासूबाईंचं नाव पाळीतून काढलं. नवरा घरात कुणाशी बोलेना. शेजारणी तिला पाहून दारं ओढून घेऊ लागल्या; त्यांच्याही घरात असले पास होतेच. वर्ग येणार की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्याच दुपारी सासूबाई मोबाईल घेऊन तिच्यासमोर बसल्या. कुठलंसं बटण त्यांना सापडेना, बोट काचेवर चाचपडत राहिलं. सुनेने सवयीने हात पुढे केला.

सासूबाईंनी तो हात बाजूला सारला.

"तू करू नकोस. नुसतं सांग."