पान चार

आमच्या लेखनाच्या वर्गात एक नियम आहे: ज्याची कथा चर्चेला, त्याने वीस मिनिटं तोंड उघडायचं नाही. मॅडम म्हणतात, उद्या पुस्तक छापलं तर वाचकाच्या घरी जाऊन समजावणार आहात का?

इंग्रजी साहित्याची पदवी घेतल्यावर चार वर्षांनी, दहा महिन्यांच्या लेकीला पाळणाघरात ठेवून मी पुन्हा विद्यापीठात आले होते. लेकीचा तिथे दुसराच दिवस. माझा निम्मा जीव तिकडे.

कथा होती एका आईची. ती बाळाला झोपवून बसमध्ये बसते आणि उतरतच नाही. प्रती वाटल्या, सगळ्यांनी तिथेच वाचल्या.

"पान चार जबरदस्त आहे," समोर बसलेला चष्मेवाला म्हणाला. "गोष्ट चाललीये, आणि मधेच नुसती यादी! काटा आला अंगावर."

यादी? मी कुठे यादी लिहिली? मला वाटलं, बसथांब्यांबद्दल म्हणत असेल.

"आणि ते अंडं!" वर्गातल्या सगळ्यात वयस्कर विद्यार्थिनीला आम्ही आजी म्हणतो, त्या म्हणाल्या. "अंडं अजिबात नको, केकमधूनसुद्धा नको. आईपणच झिडकारतेय ती."

"छे हो आजी, घाबरलीये बिचारी," चष्मेवाला म्हणाला.

मी माझी प्रत उलटली. पान चारवर पाळणाघरासाठी टाइप केलेल्या सूचना होत्या. साडेअकराला खाऊ. अंडं अजिबात नको, तोंड सुजतं. सकाळी घाईघाईत दोन्ही एकदम छापलं होतं आणि न बघताच प्रती काढायला दिलं होतं. सूचना इथे, मग पाळणाघरातल्या ताईंच्या हातात मी काय ठेवून आले?

अकरा पंचवीस.

"मॅडम..."

मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. "अजून चार मिनिटं."

आणि मी गप्प बसले. चांगली मिनिटभर. का बसले, ते अजून कळत नाही. कुणीतरी म्हणत होतं, हे पान लिहिणारीला आई म्हणजे काय ते कळलंय. मी ऐकत राहिले. मग दचकून उठले आणि बाहेर जाऊन फोन चालू केला.

"अहो, कधीची लावतेय, तुमचा फोन बंद!" ताई ओरडल्याच. "हे काय लिहून दिलंय? 'तिने मागे वळून पाहिलं नाही.'"

"खाऊ दिला तिला?"

"खाऊचं काय घेऊन बसलात? कडेवरून खाली ठेवली नाहीये मी तिला. आता केक भरवणारच होते."

"केक नको! अंडं चालत नाही तिला."

"बरं बरं, नाही देत. केळं कुस्करते." मग आवाज खाली आला. "पण तुम्ही येणार ना न्यायला?"

"ताई, ते गोष्टीतलं पान आहे. चुकून आलं."

"असू दे गोष्टीतलं. येणार ना?"

यावर पटकन हो म्हणायला काय झालं होतं मला? मागून लेकीचं बडबडणं ऐकू येत होतं.

"येते. आत्ताच निघते."

बॅग घ्यायला आत गेले, तर मॅडम घड्याळ बघून म्हणाल्या, "वेळ संपला. आता बोल तू. पान चारबद्दल सगळ्यांना ऐकायचंय."

ते पान माझं नाही म्हणू, की माझंच आहे म्हणू? सगळे माझ्याकडे बघत होते.

"अंडं खाल्लं की तिचं तोंड सुजतं," एवढंच मी म्हणाले आणि बॅग उचलली.

चष्मेवाला ते लिहून घेत होता.