सहाव्यांदा तीच भिंत

पाया

नांदगाव खंडेश्वरच्या मिशन वसतिगृहाला एक भिंत हवी होती, म्हणून अमेरिकेतून पहिली टीम आली आणि तिने भिंत बांधली. पुढच्या वर्षी दुसरी टीम यायची होती. तिलाही भिंतच बांधायची होती. जागा एकच, चाळीस फूट. पाळकसाहेबांनी भिंत पाडायला लावली.

तेव्हापासून दर जानेवारीत ती उभी राहते आणि फेब्रुवारीत पडते. बांधतो इनायतुल्ला मिस्त्री, पाडतोही तोच. मी पौर्णिमा, अकोल्याची, या वर्षीची दुभाषी. कामावर घेताना पाळकसाहेबांनी एवढंच बजावलं, "सगळं भाषांतर करायचं. ही कितवी भिंत, तेवढं सोडून."

पहिला थर

टीममध्ये नऊ जण. विटांच्या ढिगापासून पायापर्यंत त्यांनी हातभर अंतरावर रांग केली आणि गाणं म्हणत एकेक वीट पुढे सरकवू लागले. रांगेच्या बाजूने रोजंदारीवरची कौसल्याबाई डोक्यावर दहा विटा घेऊन गेली, रिकामी आली, पुन्हा दहा घेऊन गेली. त्यांची पहिली वीट तेव्हा सातव्या माणसाकडे होती.

"हे काय करून राह्यले व माय?" तिने मला विचारलं.

"देवाची सेवा."

"मंग मी काय करून राह्यली?"

हे मी इंग्रजीत सांगितलं नाही. कोणी मना केलं नव्हतं, पण जमलं नाही.

दुसरा थर

भिंतीपलीकडे खुशालरावांचं तुरीचं वावर. ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन उभे राहिले.

"कावून मिस्त्री, यंदा कवा पडते?"

इनायतचाचा थापी घासत राहिले. त्यांचा डावा गाल सुजलेला होता.

"घर बांधाचं हाये मले," खुशालराव म्हणाले. "तुह्याच हातचं पायजे होतं. पण घरची म्हणते, ज्याची भिंत दरसाल पडते त्याले घर देता का?"

"पडत नाही भाऊ. पाडतो मी."

"ते तिले कसं समजावू? असं कर. टीम गेल्यावर आठ दिवस उभी राहू दे. नवव्या दिवशी मी ओळंबा घेऊन येतो. सरळ दिसली तं घर तुलेच."

चाचांनी वीट पाण्यातून काढली आणि हातातच धरून ठेवली. गावात त्यांनी बांधलेली चाळीसेक घरं उभी आहेत. पण रस्त्यावरून दिसते ती हीच.

तिसरा थर, कर्टच्या हातचा

कर्ट बासष्ट वर्षांचा होता. संध्याकाळच्या प्रार्थनेत उभा राहून त्याने साक्ष दिली. तो म्हणाला, मी सकाळी विटा लावतो तेव्हा त्या वाकड्या असतात, मला दिसतं. मी मनातल्या मनात क्षमा मागतो आणि जेवायला जातो. परत येतो तर भिंत सरळ! रोज! माझा अधुरेपणा कोणीतरी पुरा करतं आहे. आठ जण रडले.

तिसरा थर, जेवणाच्या सुट्टीत उतरवून पुन्हा रचलेला

टीम जेवायला गेली की इनायतचाचा दोरी ताणतात, सकाळच्या विटा काढतात, सिमेंटचा मसाला खरवडतात आणि सगळा थर पुन्हा लावतात. पंचावन्न मिनिटं. म्हणून ते स्वतः जेवत नाहीत. तसाही सुजलेल्या गालातल्या दुखऱ्या दाढेने त्यांना घास चाववत नव्हता.

साक्ष मी त्यांना शब्दन् शब्द सांगितली. त्यांनी गालावरचा हात काढला.

"सांग त्याले, आमेन."

चौथा थर

पाचव्या दिवशी मला कळलं की कर्ट दातांचा डॉक्टर आहे. एकतीस वर्षं.

"मग यांची दाढ बघा ना!"

कर्टने मान हलवली. लोकांच्या तोंडात हात घालून कंटाळलो म्हणून तर इथे आलो, म्हणाला. शिवाय तुमच्या देशात माझ्याकडे परवाना नाही. परवान्याशिवाय मी कुणाच्या दाताला हात लावणार नाही, ते बेजबाबदारपणाचं होईल.

मी भाषांतर केलं. चाचांनी भिंतीकडे पाहिलं, मग कर्टकडे.

"आन् भिंतीचं लायसन हाये का त्याच्यापाशी?"

हेही मी इंग्रजीत सांगितलं. कर्ट हसला, मग हसायचा थांबला, मग विटांच्या ढिगावर बसला. "आणखी काय काय मला सांगितलेलं नाही?" त्याने विचारलं.

"बोल बेटा," चाचा म्हणाले. "सहावी हाये म्हणून सांग. घराचंबी सांग."

माझी नोकरी अजून पाच दिवसांची होती. मी सांगितलं. जेवणाच्या सुट्टीचंही सांगितलं.

पाचवा थर

दुसऱ्या दिवशी कर्ट जेवायला गेला नाही. चाचा थर उतरवत होते आणि तो विटा पुसून त्यांच्या हातात देत होता. असा तो चार दिवस उपाशी राहिला. शेवटी हात जोडून म्हणाला, माझी एक वीट राहू द्या. वाकडीच राहू द्या.

"ओळंब्यात नाही येत," चाचा म्हणाले. पण राहू दिली. ती बोटभर बाहेर आलेली होती.

सहावा थर, आणि पुढचे सगळे

भिंत पुरी झाली. फोटो निघाले. टीम निघण्याच्या आदल्या सकाळी कर्टने चाचांना आणि मला एसटीत बसवून अमरावतीला दातांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या बाकावर तो दोन तास रुग्णाचा नातेवाईक म्हणून बसला. दाढ निघाली. चाचांनी ती रुमालात बांधली.

परतीच्या एसटीत कर्टने वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं. खाली स्वतःच्या सगळ्या पदव्या घातल्या. संध्याकाळी पाळकसाहेबांना ते मीच वाचून दाखवलं: रुग्णाने नऊ दिवस घण उचलू नये. भिंत पाडताना बसणारा हादरा जबड्यात जाण्याचा संभव आहे.

"असं असतं का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"एकतीस वर्षांचा अनुभव आहे," मी म्हणाले.

टीम गेली. पाळकसाहेबांनी दुसरे मिस्त्री शोधले. मोतीराम मिस्त्री म्हणाला, "इनायतची भिंत इनायतच पाडते. आमी दुसऱ्याच्या कामाले हात लावत नाही." बाकीचेही तेच म्हणाले.

"मग पुढच्या टीमला मी काय देऊ?" पाळकसाहेब रडकुंडीला आले.

"पलस्तर द्या ना," चाचा तोंडातला कापूस सांभाळत म्हणाले. "दरसाल खरवडून देईन."

बाहेर आलेली वीट

नवव्या दिवशी खुशालराव ओळंबा घेऊन आले. बायकोलाही आणलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा सोडत गेले. मी उगाच अकोल्याहून, दुसऱ्या कामावर रजा टाकून आले होते. चाचा गाल धरून उभे होते, दुखत नव्हता तरी.

मधोमध ओळंबा कशाला तरी अडला.

"ही कोणाच्या हातची?"

मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी अमेरिका म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं. सगळ्या गावाने नऊ गोरी माणसं पाहिली होती.

"माही हाये," चाचा म्हणाले.

खुशालरावांची बायको पुढे आली. विटेवर बोट ठेवून तिने जोर देऊन पाहिला. हलली नाही. मग तिने हातातली कापडी पिशवी तिच्यावर अडकवली आणि दोन पावलं मागे सरली. पिशवी लटकत राहिली.

"आपल्या सैपाकघरात अशा चार काढाले सांगा," ती नवऱ्याला म्हणाली.

चाचांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बेटा, त्या कर्टले फोन लावते का? कितीक बोट बाहेर काढली होती, इचारून घे."