टकटक्याचा संशय

मी एक जुना कीबोर्ड आहे आणि माझा स्वभाव संशयी आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं माझं बोलणं तुम्ही जरा पारखून घ्याल. पाठ्यपुस्तकात मला कळफलक म्हणतात. ज्या औषधाच्या दुकानात मी कामाला आहे, तिथं मला टकटक्या म्हणतात.

माझी बांधणी भक्कम आहे. पोटात पोलादी पत्रा, पत्र्यावर प्रत्येक बटणाची वेगळी डबी आणि प्रत्येक डबीत तिची स्वतःची स्प्रिंग. कारखान्यातल्या ज्या बाईनं मला तपासलं, तिनं माझं एकही बटण विश्वासावर सोडलं नाही. एकेक दाबलं, भुवया आकसून पुन्हा दाबलं, मगच मला खोक्यात घातलं. हा स्वभाव मला तिच्याकडूनच मिळाला असावा.

दुकान वहिनी आणि भाऊजी मिळून चालवतात. वहिनींचे यजमान वारले, तेव्हापासून त्या आणि त्यांचे धाकटे दीर असे दोघंच. दोघंही औषधशास्त्र शिकलेले. भाऊजी गल्ल्यावर बसतात आणि फोन घेतात. वहिनी आतल्या टेबलाशी डॉक्टरांची चिठ्ठी वाचून बाटलीवरचं लेबल टाइप करतात. कोणतं औषध, किती, केव्हा. त्या वेळी त्यांची नजर चिठ्ठीवर, बोटं माझ्यावर आणि कान माझ्या आवाजाकडे असत. टक् वाजलं की अक्षर उमटलं. पडद्याकडे बघायची त्यांना गरजच पडत नसे.

भाऊजी मात्र फोनवर बोलताना दुसऱ्या कानात बोट घालत.

"वहिनी, जरा हळू! डॉक्टर विचारतायत, दुकानात सुतारकाम काढलंय का?"

गिऱ्हाइकं हसली. मीही ते हसण्यावारी नेलं. तिथंच मी गाफील राहिलो, कारण पुढच्याच आठवड्यात कॉम्प्युटरचा दुरुस्तीवाला एक चपटं खोकं घेऊन आला.

"ह्याला आवाज नाही, वजन नाही, बोटांना त्रास नाही," तो म्हणाला.

वस्तूत काय काय नाही ते सांगून जो माणूस वस्तू विकतो, त्याच्यावर मला संशय येतो. बहुतेक वहिनींनाही आला.

"काय काय नाही ते कळलं. आत आहे तरी काय?"

"रबराचा एक पडदा, सगळ्या बटणांना मिळून. त्याखाली प्लॅस्टिकचे दोन पापुद्रे. साधंसुधं काम आहे, पण चालतं."

माझी वायर काढली गेली. मला फडक्यात गुंडाळून कपाटाच्या डोक्यावर, रिकाम्या पुठ्ठ्यांमध्ये ठेवलं. माझ्या जागी जो आला त्याचं नाव मी मनातल्या मनात गुपचुप्या ठेवलं. फडकं एका बाजूनं सरकलेलं होतं. तेवढ्या फटीतून मी त्याच्यावर पाळत ठेवली.

खरं सांगायचं तर सुरुवातीला त्यानं चोख काम केलं. मला ते जास्तच संशयास्पद वाटलं.

मग हळूहळू नावांतली अक्षरं गळायला लागली. कुणाचं आडनाव अर्धंच छापलं, कुणाच्या खोकल्याच्या औषधातला 'ख' गेला. गिऱ्हाईक हसून दाखवायचं, वहिनी ओशाळून लेबल बदलून द्यायच्या. भाऊजी हसत नसत. ते वहिनींकडे टक लावून बघायला लागले. एकदा त्यांनी एक बाटली लांब धरली.

"वहिनी, ह्यावरचं बारीक अक्षर वाचता येतंय का हो?"

"का?"

"सहज विचारलं."

सहज कुणी काही विचारत नाही. त्याच दुपारी ते फोनवर हलक्या आवाजात बायकोला सांगताना मी ऐकलं, "वहिनींना आता घरी बसवावं लागेल. पण कसं सांगायचं तेच कळत नाही." झालं! माझ्या डोक्यात सगळा हिशेब जुळला. ह्या गृहस्थाला दुकान एकट्याला हवं होतं. गुपचुप्या त्याचा माणूस आणि दुरुस्तीवाला त्यांना सामील. ते बोलणं वहिनींच्याही कानावर गेलं असावं. त्यांनी भाऊजींबरोबर चहा घेणं सोडलं. औषधाच्या नावापलीकडे दोघांत शब्द उरला नाही.

अशा अबोल्यात एक दिवस समोरचा शिंपी दुकानात आला. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच लटकत होती. त्यानं सरबती रंगाच्या औषधाची बाटली गल्ल्यावर ठेवली.

"पोरीला काल फिट आली. कात्रीच्या टेबलावर आपटली. आता बरी आहे. पण डॉक्टर म्हणतात, हे नवीन औषध कमी पडतंय. मी म्हटलं, लेबलावर आहे तेवढंच देतोय की."

भाऊजींनी लेबल वाचलं. मग चिठ्ठी मागून घेतली. चिठ्ठीत पंधरा मिली होतं. लेबलावर पाच.

त्यांनी बाटली आणि चिठ्ठी वहिनींसमोर ठेवली.

"मीच टाइप केलंय," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, तुमचे डोळे..."

"माझ्या डोळ्यांचं काय? आडून आडून नको, सरळ बोला. मला घरी बसवायचंय ना तुम्हाला?"

भाऊजी गल्ल्याला धरून उभे राहिले. "आमच्या आईची नजर अशीच गेली. भिंतीला हात लावून चालायची आणि म्हणायची, दिसतंय मला. आम्ही हसत राहिलो. एक दिवस जिन्यावरून पडली, तेव्हा कळलं. तुम्हीही लपवताय असं वाटायचं मला. विचारायची छाती होत नव्हती."

"मला वाटलं, तुम्हाला मी इथं नकोय."

"काहीतरीच काय, वहिनी! तुमच्याशिवाय हे दुकान मला एक दिवस तरी झेपेल का?"

मित्रांनो, माझा सगळा हिशेब कोसळला. पण खरं वाईट पुढेच वाटलं. वहिनींनी स्वतःची बोटं न्याहाळली आणि पुटपुटल्या, "डोळेच असतील कदाचित." जिच्या बोटांचा वेग मी अंगावर झेलला होता, ती बाई स्वतःवरच संशय घेत होती. मला ओरडायचं होतं. पण कुणी दाबल्याशिवाय मला आवाज नाही.

 मग वहिनींनी खुर्ची पुढे ओढली.

"दादा, इकडे या," त्या शिंप्याला म्हणाल्या. "मी डोळे मिटते, म्हणजे डोळ्यांचा प्रश्नच नको. मी आकडा बोलून बटण दाबेन. पडद्यावर येतं ते तुम्ही वाचायचं."

शिंपी त्यांच्या मागे उभा राहिला.

"एक."

"काही नाही आलं."

"पाच."

"आलं, पाच."

"एक."

"आता आलं."

"एक."

"नाही, वहिनी. रिकामंच आहे."

भाऊजी धावत आत आले. त्यांनी डोळे फाडून तेच बटण दाबलं. बरोबर मधोमध रेटून दाबलं तर आकडा यायचा, जरा कडेला बोट पडलं की नाही. "मलाही येत नाही!" ते बक्षीस मिळाल्यासारखे ओरडले आणि लगेच शिंप्याकडे बघून वरमले. "दादा, चूक आमच्या दुकानाची. डॉक्टरांशी मी आत्ता बोलतो, तुमच्यासमोर."

त्यांनी बोलून घेतलं, नवं लेबल हातानं लिहून दिलं आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं गुपचुप्याला उलटा करून उघडला. एकच्या बटणाखालचा रबराचा फुगवटा चिरून बसला होता.

"एवढंच बदलून द्या," वहिनी म्हणाल्या.

"एकट्याचं बदलता येत नाही. सगळा पडदा अखंड आहे." त्यानं मान खाजवली. "चांगल्या बनावटीचा असता तर टिकला असता. हा स्वस्तातला. दिवसभर एवढा मारा होणार, हे मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

तोही कुणाला सामील नव्हता. आणि गुपचुप्या टेबलावर पोट उघडून पडला होता, तेव्हा मला त्याचा राग धरवेना. त्यानं काही लपवलं नव्हतं. आपल्याला दुखतंय हे सांगायला त्याला आवाजच दिलेला नव्हता.

मला खाली उतरवलं. वहिनींनी बटणं उपटून आतली धूळ झटकली, ओल्या फडक्यानं अंग पुसलं. भाऊजी फोन घेऊन बाहेरच्या पायरीवर जायला लागले. मी मनात म्हटलं, आता माझ्याच शब्दावर दुकान चालणार. पण वहिनी बदलल्या होत्या. आता त्या प्रत्येक लेबल पडद्यावर तपासतात, मग गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवतात आणि त्याच्याकडून वदवून घेतात.

मला तो अपमान वाटला. परवापरवापर्यंत वाटत होता. मग एका सकाळी वहिनींचा हात थांबला. पडद्यावर दहाच्या जागी शंभर आलं होतं. माझं शून्याचं बटण एकदा दाबलं की दोनदा उमटत होतं. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या मला स्वतःचा संशय कधी शिवला नव्हता. दुरुस्तीवाल्यानं ती एक जुनी डबी काढली, नवी बसवली. बाकीच्यांना धक्काही लागला नाही. चहा निवायच्या आत मी पुन्हा कामावर होतो.

मित्रांनो, तुमच्या वस्तू पुसा, अधूनमधून तपासा, त्यांच्यावर खुशाल संशय घ्या. आमची निगा त्यातूनच होते. पण माणसाचा संशय आला तर तो मनात साठवू नका, त्याला विचारा. भाऊजींनी वेळेवर विचारलं असतं, तर ती मुलगी पडली नसती.

आता थांबतो. ती मुलगीच औषध न्यायला आली आहे. कपाळावरची खूण अजून पुरती गेलेली नाही. वहिनी लेबल वाचून दाखवतायत.

"किती घ्यायचं?"

"पंधरा."

"मोठ्यानं."

"पंधरा!"