वरचं पाणी

आतड्यातल्या पेशीच्या पडद्यात एंझाइमची शेपटी रुतलेली असते. डोकं बाहेर राहून साखर फोडतं. आज मी शेपट्या कापल्या, जड पडदे तळाशी बसावेत म्हणून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवली आणि वीस वर्षांच्या सवयीने वरचं पाणी बेसिनमध्ये ओतून तळाचे पडदे जपून ठेवले. पडद्यांनी साखरेला हातही लावला नाही, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सुटलेलं एंझाइम पाण्यात होतं! मूर्ख बाई!

यावर हसायला लॅबमध्ये कुणीच नव्हतं. ताईला फोन लावून सगळं सांगितलं.

"सुटल्यावरही काम करतं ते?"

"अगदी पहिल्यासारखं."

"मग वाया कसं गेलं?"

"ते कुठे गेलं, हे कुणी बघितलंच नाही."

मग माझ्या घटस्फोटानंतर पहिल्यांदाच ताईने विचारलं, "जेवलीस का गं?"