सोफ्याच्या पोटात

आमच्या दादाचा आवाज फुटला आणि घरातली सगळी मजाच गेली. शाळेच्या कार्यक्रमात तो नेहमी पहिल्या रांगेत उभा राहून गायचा. त्या दिवशी वरचा सूर लावायला गेला आणि घशातून बिघडलेल्या भोंग्यासारखा आवाज निघाला. सगळं सभागृह हसलं. मीही हसणार होते, पण दादाचा चेहरा बघितला आणि गप्प बसले.

तेव्हापासून त्याने तोंडाला कुलूपच लावलं. काही विचारलं की मान हलवणार, नाहीतर बोट दाखवणार. "वयच आहे ते, होईल ठीक," असं आई म्हणायची. तिचं ठीक आहे हो! रोज संध्याकाळी मला गोष्ट सांगायचा तो दादाच. त्याच्या गोष्टीतला राक्षस विहिरीत अर्धवट लटकत राहिला होता आणि इकडे मला मुळीच करमत नव्हतं.

बाबांचं सोफे दुरुस्तीचं दुकान आमच्या घराखालीच आहे. तिथे जिकडेतिकडे कापूस, काथ्या आणि फोम. रेडिओ लावला तर पलीकडच्या भिंतीपाशी गाणं पोचतच नाही, नुसता ढोल ऐकू येतो. "बारीक आवाज कापूस खातो," असं बाबा म्हणतात. गिऱ्हाइकांचे सोफे तिथून नवे कपडे घालून ऐटीत बाहेर पडतात. घरचा सोफा मात्र कित्येक दिवस कोपऱ्यात पोट फाडून बसला होता. शेवटी आईने बाबांना निर्वाणीचं सांगितलं, तेव्हा कुठे त्याचा नंबर लागला. नवं कापड चढलं, फक्त पाठीमागची शिवण राहिली आणि नेमका दोरा संपला. बाबा दोरा आणायला गेले.

मी त्या उघड्या फटीला डोळा लावला, तर आतून गाणं आलं. बारीक, गोड, स्वच्छ. दादाचा जुना आवाज!

मी धावत जाऊन दादाला ओढत आणलं. "तुझा आवाज सोफ्यात पडलाय!"

दादाने कपाळाजवळ बोट फिरवलं. म्हणजे मी वेडी.

"मग लाव ना कान!"

त्याने कान लावला आणि त्याचे डोळे हे एवढे झाले. याच सोफ्यावर बसून तो गाण्याचा सराव करायचा. मी फटीत हात घातला, मग खांदा, मग डोकं. दादाने माझे पाय पकडले खरे, पण मी काही थांबणारी नव्हे. दोघंही सुर्रकन आत गेलो.

आत गेलो तेव्हा आम्ही बोटाएवढे होतो. स्प्रिंगा पाण्याच्या टाक्यांएवढ्या उंच आणि काथ्याचं तर जंगलच. हरवलेल्या सगळ्या वस्तू तिथे मजेत राहत होत्या. आईचा कंगवा कुंपणासारखा उभा होता. बाबांचा मापाचा खडू आडवा पसरला होता, ज्यासाठी त्यांनी सगळं घर डोक्यावर घेतलं होतं. आम्ही एका स्प्रिंगेवरून दुसरीवर उड्या मारत निघालो. एका उडीत दादा कापसात डोक्यावर आपटला, नुसते पाय वर! मी हसून हसून लोळले. तोही हसत होता, पण आवाज न करता. मला ते बघवेना.

अगदी मधल्या स्प्रिंगेच्या टोकाला त्याचा आवाज अडकला होता. दिसायला काही नाही, नुसती थरथर. दादाने ओंजळीत घेतला आणि घटाघट प्यायला.

"ठमे," तो म्हणाला. तोच जुना गोड आवाज! मी त्याच्या गळ्यातच पडले.

इतक्यात उजेड हलला. फटीतून खांबाएवढी वाकडी सुई आत आली, चकाकली आणि बाहेर गेली. पाठोपाठ जाडजूड दोरा. बाबा परत आले होते आणि फट शिवत होते!

"बाबा!" मी किंचाळले. कापसाने माझा आवाज गट्ट केला. दादाही ओरडला, त्या गोड आवाजात. तोही गेला कापसाच्या पोटात. सुई आली, गेली. उजेडाची एक पट्टी उरली.

"दादा, तुझा नवा आवाज काढ! तो ढोल!"

त्याने जोरात मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं. "सगळे हसतील गं."

"इथे मी एकटीच आहे. आणि मला रडू येतंय."

दादाने माझ्याकडे बघितलं. मग खोकून तो जुना आवाज घशातून काढला, अलगद स्प्रिंगेवर ठेवला, आणि छाती भरून ओरडला, "थांबा! शिवू नका!"

काय आवाज होता! घोगरा, चिरका, मध्येच फाटलेला, पण सगळ्या स्प्रिंगा घणघणायला लागल्या. सुई जागच्या जागी थांबली.

"कोण आहे?" बाहेरून बाबांचा घाबरलेला आवाज आला. "अहो, कोण आहात तुम्ही? आत कसे शिरलात?"

मी दादाकडे बघितलं, दादाने माझ्याकडे. बाबा त्याला 'अहो' म्हणत होते!

"बाबा, मी आहे!"

"मी म्हणजे कोण, साहेब?"

"तुमचा मुलगा!"

बाहेर बाबांनी सुई टाकून दिली. मग कात्री चालली, कच कच कच, आणि आम्ही कापसात माखून बाबांच्या मांडीवर पडलो, पुन्हा होतो तेवढेच. बाबा फटीत वाकून बघायला लागले. आत दुसरं कोणी नव्हतं.

"तो आवाज तुझा होता?"

"हो," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मला वाटलं, एखादा मोठा माणूस अडकलाय." बाबांनी त्याच्या केसांतला कापूस काढला आणि काढतच राहिले. दादा हसला. या वेळी मोठ्याने, फाटक्या भोंग्यासारखा, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

संध्याकाळी सोफा घरी आला. मी बसले की मधली स्प्रिंग बारीक, गोड सूर काढते. तो आवाज आता कुठे जात नाही, बाबांनी पक्का शिवलाय. दादा शेजारी बसला आणि त्याच सुराखाली आपला घोगरा सूर धरून गुणगुणला. मग त्याने माझा राक्षस विहिरीतून बाहेर काढला. खरं सांगते, जुन्या आवाजात त्याला असा राक्षस कधीच जमला नव्हता. मी घाबरून त्याच्याच कुशीत शिरले.

"कोण आलंय गं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"दादा आलाय!" मी ओरडून सांगितलं.