कुणीच न मरणारा दुसरा भाग

आकडा कधी खोटं बोलत नाही, यावर गेम कंपनीत खेळणाऱ्यांची मोजदाद ठेवणाऱ्या आकडेवाल्याची श्रद्धा होती. कंपनीच्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग सकाळी बाजारात आला आणि दुपारी ती डळमळली. पहिल्या भागाला कुत्रं विचारत नव्हतं आणि दुसऱ्याला लोक सकाळपासून चिकटलेले, एकही उठायला तयार नाही! शिवाय गेममध्ये कुणी एकदाही मेलं नव्हतं. पहिल्या भागात तर लोक पहिल्याच पुलावरून पडून मरत.

"भाड्याने माणसं बसवलीत का हो, बाई?" त्याने जाहिरातप्रमुख बाईंना विचारलं.

"तुम्हाला सुख टोचतं का?" बाई हसल्या. "साहेब संध्याकाळी तिसरा भाग जाहीर करतायत. तुम्ही यश म्हणा, नाहीतर अख्ख्या टीमला घरी बसवा."

त्या हसण्यातच पाणी मुरतंय, असं त्याला वाटलं. गेमसाठी रजा टाकून बसलेल्या मेहुण्याला त्याने गुपचूप फोन लावला.

"काय रे, कसा आहे?"

"काय सांगू भावजी! सकाळी उघडलाय, तेव्हापासून पडद्यावर नुसतं लोडिंगचं चक्र फिरतंय. मित्रांचंही तेच. बंद केला तर रांगेतला नंबर जाईल, म्हणून जेवायलाही उठलो नाही."

आकडेवाल्याने फोन ठेवला. गेम उघडला की खेळ सुरू झाला असं धरायचं, हा नियम त्याचाच होता.

साहेब दारात उभे होते. "मग, यश म्हणायचं ना?"

गेम अजून कुणाचाच सुरू झाला नव्हता.