परवान्याच्या दारासमोरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. सध्या मी कोर्टाच्या तळघरात आहे. मला भिंतीला टेकवून, एका टोकावर उभे करून ठेवले आहे. माझ्या पाठीशी, इमारत गरम ठेवणाऱ्या भट्टीतून वर जाणारा लोखंडी नळ आहे. इथे उजेड नाही आणि माझ्यावर कोणी बसत नाही.

माझा जन्म वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात, स्टोनी लिक नावाच्या ओढ्याच्या वर झाला. मी चेस्टनट नावाच्या झाडाच्या जातीचा. तेव्हा सगळा डोंगर आमचाच होता. मग आमच्या जातीला रोग लागला. सालीखालून नारिंगी बुरशी चढली आणि झाडे उभ्या उभ्या वाळली. मी ज्या झाडाचा झालो ते माझ्यावर करवत चालण्याआधीच मेलेले होते. सुतार म्हातारा होता. त्याने माझी पाठ अगदी सरळ ठेवली. लोकांनी कचेरीत येऊन रेलून झोपू नये, असे त्याचे म्हणणे होते. या सरळ पाठीवरून मी पुढे खूप बोलणी खाल्ली.

मला कोर्टाच्या वरच्या मजल्यावर, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कारकुनाच्या दारासमोर ठेवले. जिना अरुंद होता आणि मध्यावर वळत होता. माझ्या मागे भिंतीला तोच नळ होता, जो आज माझ्या पाठीशी आहे. थंडीत तो गरम व्हायचा आणि माणसे त्याच्याकडे हात पसरून बसायची.

मला वाचता येत नव्हते. समोरच्या दारावर एक पाटी होती आणि माझ्यावर बसणारी जोडपी ती एकमेकांना वाचून दाखवत. शंभर वेळा ऐकल्यावर मलाही अक्षरे कळू लागली. लग्नाच्या परवान्यासाठी दोघांनी स्वतः हजर राहावे. वयाचा पुरावा आणावा. डॉक्टरकडून रक्त तपासल्याचा दाखला आणावा. कारकुनासमोर उजवा हात वर करून शपथ घ्यावी. अर्जानंतर तीन दिवस थांबावे. परवाना साठ दिवस चालेल. आयुष्यात मी एवढेच वाचायला शिकलो.

त्याच दाराआड जन्म आणि मृत्यूही लिहून घेत. त्यामुळे माझ्या एका टोकाला नवरीमुलगी केस नीट करत बसायची आणि दुसऱ्या टोकाला काळ्या कपड्यातली बाई. कोळशाच्या खाणींचा मुलूख आहे तो. काळे कपडे काही कमी नसायचे.

एका वसंतात व्हर्लिन आणि झेला आले. तो नुकता खाणीत लागला होता आणि त्याची नखे एवढ्यातच काळी झाली होती. आत बोलावेपर्यंत तो बोटांच्या पेरांनी माझ्या लाकडावर ठोकत राहिला. झेलाने त्याच्या हातावर हात ठेवला.

"पुरे आता. लोकांना वाटेल, खाणीत अडकलायस."

"अडकलोच आहे की," तो म्हणाला.

तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. खाणीचे छत खचले की आत अडकलेला माणूस हातोडीने, दगडाने, जे हाताला लागेल त्याने नळावर ठोकतो. वरच्यांनी ऐकले की त्यांनी उलट ठोकायचे. मग आतल्याला कळते की आपण अजून माणसांत आहोत. ही गोष्ट मी माझ्यावर बसलेल्या खाणवाल्यांच्या तोंडून ऐकली आहे.

तीन दिवसांनी दोघे पुन्हा आले आणि परवाना घेऊन गेले. कारकून ऑडिनाबाई प्रत्येकाला बजावत, तसे त्यांनी यांनाही बजावले, की हा कागद म्हणजे लग्न नाही, ही लग्नाची परवानगी आहे. पाद्र्यासमोर उभे राहा, त्याची सही घ्या आणि कागद इथे परत येऊ द्या. पण परवाना हातात पडल्यावर कोण ऐकतो? दोघे जिना जवळजवळ धावतच उतरले.

पुढे काय झाले ते मला बावीस वर्षांनी कळले.

लग्नाच्या दिवशी ओढ्याला पूर आला आणि पायपूल वाहून गेला. पाद्री पलीकडच्या काठावर अडकला आणि परत गेला. पण शेजारणी जमल्या होत्या. तिकडे लग्नाच्या केकचा एकेक थर प्रत्येक घरून येतो आणि मधे वाळवलेल्या सफरचंदांचा गर भरतात. माणसे जितकी जिव्हाळ्याची तितका केक उंच. झेलाचा केक उंच झाला होता. तो वाया कसा घालवायचा? सगळ्यांनी तो खाल्ला, नवरानवरीला घरी पोहोचवले, आणि त्या खोऱ्याच्या लेखी लग्न लागले. परवाना चौकटीत घालून भिंतीवर टांगला. पाद्री पुन्हा आला तेव्हा झेलाच्या कडेवर मूल होते. त्यालाही विचारायचे सुचले नाही. ते मूल वर्षभर जगले. त्याला घरामागच्या टेकाडावर पुरले.

मग व्हर्लिनच्या छातीत कोळशाची धूळ बसली. त्याला दवाखान्यात ठेवले तेव्हा त्याचा थोरला भाऊ हर्शेल शहरातून आला. हर्शेल कधी खाणीत उतरला नव्हता आणि झेलाला त्याने कधी घरची मानले नव्हते. लग्नाच्या दिवशी पाद्री पोहोचला नव्हता हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने डॉक्टरांसमोर सांगून टाकले, की या बाईचे माझ्या भावाशी लग्नच झालेले नाही, तो गेला की त्याला नेणार मी, आमच्या घराण्याच्या कबरस्तानात. तिथे झेलाला जागा नव्हती. आणि व्हर्लिनने एकच गोष्ट मागितली होती, आपल्या मुलाशेजारी पुरा.

झेला भिंतीवरची चौकट काखेत घेऊन आली. ऑडिनाबाईंनी काचेतून कागद पाहिला आणि आपली नोंदवही उघडून पाहिली.

"झेला, हा कधी परत आलाच नाही."

"कुठून परत यायचा? भिंतीवर होता."

"म्हणजे तुमचं लग्न झालेलं नाही. पुन्हा अर्ज करावा लागेल. दोघांना यावं लागेल, इथे, माझ्यासमोर."

"त्याला चार पावलं चालवत नाहीत, बाई."

"कायदा मी केलेला नाही," ऑडिनाबाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. पण त्या दाराबाहेर कधी आल्या नव्हत्या.

झेला माझ्यावर बसली. चौकट तिने मांडीवर पालथी घातली. रडली नाही.

दोन दिवसांनी सकाळीच जिन्यावर जड बूट वाजले. चार खाणवाले वर आले. त्यांच्यात एस्टिल होता. आठवडाभर तो कोळसा काढायचा आणि रविवारी प्रार्थना सांगायचा. लग्न लावायचा अधिकार त्याला होता आणि सगळे त्याला ब्रदर एस्टिल म्हणत. व्हर्लिन खाली गाडीत होता. त्याच्या रक्ताचा दाखला दवाखान्याने दिला होता. स्ट्रेचरवर आडवे केले की त्याचा श्वास कोंडायचा आणि चाकाची खुर्ची जिन्यात वळत नव्हती. एस्टिलने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"हा सरळ आहे. यावर बसवून आणू."

त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्या सुताराची आठवण झाली.

त्यांनी मला खाली नेले, व्हर्लिनला माझ्यावर बसवले आणि कमरेला पट्ट्याने बांधले. त्याचे ओझे मला जाणवलेच नाही, इतका थोडा तो उरला होता. तरी वर नेताना जिन्याच्या वळणावर एक जण म्हणाला, "व्हर्लिन, किती धूळ खाल्लीस रे? आम्ही तुला नाही, टनभर कोळसा वर नेतोय." व्हर्लिनने बोट हलवले. झेला मागून येत होती. ती त्याला पुन्हा पुन्हा सांगत होती, "बोलू नकोस. हो म्हणायचंय तुला. तेवढं राखून ठेव."

पण तो शब्द कचेरीनेच खाल्ला. ऑडिनाबाई नियमाने चालल्या. नाव, वय, बापाचे नाव, आईचे नाव. झेला सांगू लागली तेव्हा म्हणाल्या, त्यांनी स्वतः सांगायला हवे. मग उजवा हात वर. सांगितलेले सगळे खरे आहे ना? व्हर्लिन म्हणाला, "हो." त्यानंतर त्याच्या छातीतून नुसती शीळ येत राहिली.

आता तीन दिवस थांबायचे होते. न्यायाधीशांनी ठरवले तर ते माफ करता येत, पण न्यायाधीश शेजारच्या गावी होते आणि संध्याकाळी परतणार होते. व्हर्लिनला खाली नेऊन परत आणणे म्हणजे उरलेला श्वास जिन्यावर सांडणे. म्हणून ते तिथेच थांबले. बातमी खोऱ्यात गेली आणि दुपारी शेजारणी एकेक करून आल्या. प्रत्येकीच्या हातात फडक्यात बांधलेला केकचा एकेक थर होता.  त्या थर खिडकीत एकावर एक रचत गेल्या. या वेळीही केक उंच झाला.

पाच वाजता ऑडिनाबाईंनी कोट घातला, दाराला किल्ली लावली, माझ्याकडे पाहिले, किल्ली काढली आणि कोट पुन्हा खुंटीला टांगला.

हर्शेलही आला. डोक्यावरची टोपी न काढता तो भिंतीशी उभा राहिला.

अंधार पडता पडता न्यायाधीश वर आले. त्यांनी व्हर्लिनकडे एकदा पाहिले आणि उभ्यानेच सही केली. ऑडिनाबाईंनी परवाना झेलाच्या हाती दिला. एस्टिलने तिथल्या तिथे लग्न लावायला घेतले. झेला हो म्हणाली. मग त्याने व्हर्लिनला विचारले, ही तुला बायको म्हणून मान्य आहे का?

व्हर्लिनचे ओठ उघडले. आवाज आला नाही. एस्टिलने पुन्हा विचारले. शीळ आली, तीही तुटक.

"तो काही म्हणाला नाही," हर्शेल म्हणाला. "मी ऐकलं नाही. तुम्ही कुणी ऐकलंत?"

 तेव्हा मला माझ्या फळीवर त्याची बोटे जाणवली. आधी ती नुसती थरथरली. मग पेरे उचलली गेली आणि त्याने ठोकले. हळू, सावकाश, एकेक. बावीस वर्षांपूर्वी ठोकले होते त्याच जागी.

बाकीचे तिघेही खाणवाले सरळ झाले. एस्टिल गुडघ्यांवर खाली बसला आणि त्याने माझ्या दुसऱ्या टोकाला उलट ठोकले.

"हर्शेल, तू कधी आत उतरला नाहीस," तो म्हणाला. "आतला माणूस असंच बोलतो."

"मी ऐकलं," ऑडिनाबाई म्हणाल्या. मला वाटते, त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच नियमात नसलेले काही लिहून घेतले. एस्टिलने सही केली आणि परवाना ऑडिनाबाईंच्या हाती दिला. तो कागद परत आला.

व्हर्लिनला खाली आणताना जिन्याच्या वळणावर माझा मागचा पाय कठड्यात अडकला. हर्शेलने पुढे होऊन तो सोडवला आणि मग हात काढला नाही. त्या वळणावरच व्हर्लिनची छाती थांबली. माझ्या पाठीला ते सगळ्यांच्या आधी कळले. त्याला टेकाडावर, मुलाशेजारी पुरले. झेलाला लग्नाच्या दाखल्याची प्रत हवी का, असे ऑडिनाबाईंनी विचारले होते.

"तुमच्याकडेच असू दे," ती म्हणाली. "भिंतीवरच्यानं एकदा फसवलंय."

त्यानंतर दर शरदात, व्हर्लिन गेला त्या दिवशी, झेला वर यायची. जिना चढून दमलेली असायची. माझ्यावर बसायची, त्याच जागी पेरांनी ठोकायची आणि मान कलती करून थांबायची. मी लाकूड आहे. मला हात नाहीत. ती थोडा वेळ थांबून निघून जायची.

पुढे कचेरीत रंगीत प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. माझी पाठ फार सरळ आहे, दुखते, अशी लोकांची तक्रार होती. मला तळघरात आणले.

मला वाटले, आता झेला येणार नाही. पण गेल्या शरदात माझ्या पाठीशी टेकलेला नळ वाजला. हळू, सावकाश, एकेक. तिला मी सापडलो नसेन, म्हणून ती भिंतीजवळच्या नळावर ठोकत होती. ठोके नळातून खाली आले आणि माझ्या लाकडात शिरले. भट्टी सांभाळणाऱ्या माणसानेही ते ऐकले. वर कुणीतरी नळ बिघडवतंय, असे पुटपुटत त्याने भट्टीत कोळसा टाकला. थोड्या वेळाने ठोके थांबले.

मित्रांनो, मला दुरुस्त करा, रंग द्या, उजेडात न्या, असे मी म्हणत नाही. माझी जातच संपली आहे. पण तुमच्या घरात, शेजारात, एखाद्या कचेरीच्या दाराबाहेर कोणी असे ठोकत असेल, तर कागद पुरे झाले का ते नंतर बघा. तुम्हाला हात आहेत. आधी उलट ठोका.